काडतुसांचा हिशेब

पाटण, जावळीकडच्या डोंगराळ गावांत परवान्याची बारा बोअरची, म्हणजे छर्‍यांची काडतुसे उडवणारी, बंदूक असलेली घरे आजही आहेत, आणि तिचा मालक नळीला तेल लावतो, दस्ता पुसतो, पण काडतुसे मोजायची बहुधा विसरतो. माझ्या मते जबाबदारी या मोजणीपासूनच सुरू होते.

शस्त्र अधिनियम, 1959 नुसार विनापरवाना काडतूस बाळगणे हाही गुन्हाच आहे. एका वेळी किती काडतुसे जवळ ठेवता येतील आणि वर्षभरात किती विकत घेता येतील, हे परवान्यावर लिहिलेले असते. म्हणून एक साधी वही घालावी आणि तीत खरेदीची तारीख, पावतीचा क्रमांक, खोक्यावरचा बॅच क्रमांक, उडवलेली व शिल्लक काडतुसे लिहावीत. गेल्या पावसाळ्यात माझ्या वहीत दोन काडतुसे कमी भरली; तिसऱ्या दिवशी ती जुन्या रेनकोटच्या खिशात सापडली, पितळी बुडावर हिरवट डाग चढलेली. सापडली नसती, तर त्याच दिवशी पोलीस ठाण्यात लेखी खबर देणे भाग होते.

हा हिशेब तपासात कामी येतो. पुंगळीच्या, म्हणजे काडतूस उडाल्यावर उरणाऱ्या रिकाम्या कवचाच्या, बुडावर कारखान्याची खूण असते (पुण्याजवळच्या खडकीच्या दारूगोळा कारखान्यातल्या मालावर 'केएफ' ही अक्षरे दिसतात), पण तेवढ्यावरून फार तर माल कोठला हे कळते. बंदूक ओळखायला बुडाच्या मधोमध असलेल्या टोपीवर उमटलेला फायरिंग पिनचा (घोडा ओढल्यावर टोपीवर आदळणाऱ्या खिळीचा) ठसा आणि बुडावरचे बारीक ओरखडे उपयोगी पडतात. संशयित बंदुकीतून चाचणीसाठी उडवलेल्या काडतुसाची पुंगळी शेजारी ठेवून न्यायवैद्यक प्रयोगशाळेत तुलनात्मक सूक्ष्मदर्शकाखाली हे ठसे जुळवले जातात. बारा बोअरची नळी आतून गुळगुळीत असल्यामुळे छर्‍यांवर रायफलच्या गोळीसारखे आट्यांचे (नळीतल्या पिळदार खाचांचे) व्रण उमटत नाहीत, आणि म्हणूनच या बंदुकीच्या तपासात पुंगळीचे मोल अधिक असते.

शिवारात अनोळखी पुंगळी दिसली, तर ती उचलू नये, माती पुसू नये, आत काडीही घालू नये. वर घमेले पालथे घालून 112 वर कळवावे आणि पंचनामा होईपर्यंत तेथे कोणाला फिरकू देऊ नये.

घरात बंदूक रिकामी करून कुलपात ठेवावी, काडतुसे वेगळ्या कुलपात, आणि दोन्ही किल्ल्या एकाच खिळ्याला टांगू नयेत (आमच्याकडे वर्षानुवर्षे हेच चालले होते). वरातीत हौसेने बार काढून इतरांचा जीव धोक्यात घातल्यास 2019 च्या दुरुस्तीनुसार 2 वर्षांपर्यंत कैद किंवा 1 लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. रानडुक्कर मारायची मुभाही परवान्यातून मिळत नाही, त्यासाठी वन विभागाची परवानगी वेगळी लागते.

निवडणुकीच्या काळात शस्त्र जमा करण्याचा आदेश आला, तर पोलीस ठाण्याच्या पावतीवर बंदुकीच्या क्रमांकाखाली काडतुसांची संख्याही लिहून घ्यावी आणि परत घेताना ती तेथेच, टेबलावर मोजावी.