डेडिकेटेड सर्व्हरसाठी ओएस निवडताय? आधी या चुका टाळा

डेडिकेटेड सर्व्हर (फक्त तुमच्यासाठी राखलेलं अख्खं मशीन) घेताना रॅम किती, डिस्क कुठली यावर भरपूर डोकं लावलं जातं आणि ओएसच्या (ऑपरेटिंग सिस्टिमच्या) लिस्टमध्ये ओळखीचं नाव दिसलं की लोक क्लिक करून मोकळे होतात. खरं तर रॅम नंतरही वाढवता येते, पण ओएस बदलायची म्हणजे बहुतेक वेळा डिस्क पुसून सगळं पहिल्यापासून उभं करायचं, आणि तोपर्यंत चालू साइट्स कुठेतरी हलवून ठेवायच्या. म्हणून "कुठली ओएस बेस्ट" हे विचारत बसू नका. तुमचं अॅप्लिकेशन कशावर चालतं, पॅनल (ब्राउझरमधून साइट्स सांभाळायचं सॉफ्टवेअर) कुठलं लागणार, मशीन किती जुनं आहे आणि अपडेट कधीपर्यंत येणार हे चार प्रश्न आधी लिहून काढा, लिस्टमधली अर्धी नावं तिथेच गळतात.

सपोर्ट कधी संपतो ते न बघणं

माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. सेंटओएस ८ (रेडहॅट लिनक्सवर बेतलेली फुकट ओएस) चं उदाहरण घ्या, २०२९ पर्यंत अपडेट मिळतील असं धरून लोकांनी त्यावर सर्व्हर उभे केले, आणि डिसेंबर २०२० मध्ये जाहीर झालं की २०२१ च्या शेवटी सपोर्ट बंद. सेंटओएस ७ सुद्धा ३० जून २०२४ ला संपलं. तरीही असे सर्व्हर अजून चालू आहेत आणि एखादं पॅकेज टाकायला गेलं की 'यम' (पॅकेज उतरवून टाकणारा प्रोग्रॅम) मिरर (पॅकेजेस ठेवलेला सर्व्हर) सापडत नाही म्हणून एरर देतं, मग माणूस डीएनएस (नावावरून सर्व्हरचा पत्ता शोधणारी यंत्रणा) तपासत बसतो. डीएनएसचा काही दोष नसतो, ते मिररच बंद झालेत. रेपोचा (पॅकेजेस जिथून येतात त्या साठ्याचा) पत्ता बदलून 'व्हॉल्ट'वर (जुन्या व्हर्जनच्या संग्रहावर) नेला की एरर जाते, पण तिथे फक्त जुनी पॅकेजेस पडून आहेत, नवीन सिक्युरिटी पॅच येत नाहीत, त्यामुळे तो उपाय दुसरीकडे हलेपर्यंतच वापरायचा. शक्य असेल तर नवीन सर्व्हरवर अल्मालिनक्स किंवा रॉकी (सेंटओएसच्या जागी वापरतात अशा ओएस) टाकून साइट्स तिकडे न्या, जागच्या जागी अपग्रेड करण्यापेक्षा ते सुरक्षित, कारण काही बिघडलं तर जुना सर्व्हर तसाच उभा असतो.

आणि सेंटओएस स्ट्रीम म्हणजे जुनं सेंटओएस नव्हे. रेडहॅटमध्ये पुढे जे येणार ते स्ट्रीममध्ये आधी येतं, प्रॉडक्शनला, म्हणजे चालू साइट्ससाठी, घेताना एवढं माहीत असू द्या.

उबंटू घेणार असाल तर एलटीएसच (लाँग टर्म सपोर्ट, म्हणजे जास्त वर्षं अपडेट मिळणारं व्हर्जन) घ्या. सम वर्षाच्या एप्रिलमध्ये येणाऱ्या एलटीएसला ५ वर्षं स्टँडर्ड सपोर्ट असतो, मधल्या व्हर्जनना फक्त ९ महिने. डेबियनला साधारण ३ वर्षं पूर्ण सपोर्ट आणि त्यापुढे २ वर्षं एलटीएस, अल्मा आणि रॉकीला १०.

आधी ओएस, मग पॅनल

हे उलटं करा. सीपॅनल डेबियनवर चालत नाही, विंडोजवर तर नाहीच. प्लेस्क दोन्हीकडे चालतं. पॅनलच्या साइटवर सपोर्टेड ओएसची यादी असते, त्यात व्हर्जन नंबरसकट बघा, कारण ओएसचं नवं व्हर्जन आलं तरी पॅनल त्याला सपोर्ट देईपर्यंत बराच वेळ जाऊ शकतो. आणि पॅनल टाकायच्या आधी हाताने अपाची, मायएसक्यूएल टाकून ठेवू नका, पॅनलला कोरी ओएस लागते.

जुनं मशीन, नवी ओएस

याकडे फार कमी लोक बघतात. स्वस्तात मिळणारे डेडिकेटेड सर्व्हर बऱ्याचदा जुन्या झिऑनवर (इंटेलचे सर्व्हर प्रोसेसर) असतात. रेडहॅट १० ला एक्स८६-६४-व्ही३ दर्जाचा प्रोसेसर लागतो, म्हणजे एव्हीएक्स२ (प्रोसेसरमधल्या सूचनांचा एक संच) पाहिजेच, आणि झिऑन ई५ च्या व्ही२ पिढीत ते नाही. मग इन्स्टॉलर बूटच होत नाही आणि लोक आयएसओ (इन्स्टॉलरची फाइल) पुन्हा पुन्हा डाउनलोड करतात. अल्मालिनक्स १० ने अशा प्रोसेसरसाठी एक्स८६-६४-व्ही२ बिल्ड वेगळा दिलाय, नाहीतर ९ घ्या.

दुसरं लक्षण म्हणजे इन्स्टॉलरला डिस्कच दिसत नाही. रेडहॅट ८ पासून बऱ्याच जुन्या रेड (RAID, अनेक डिस्क एकत्र चालवणाऱ्या) कंट्रोलरचे ड्रायव्हर काढून टाकलेत, त्यामुळे डिस्क खराब झाली म्हणून होस्टिंगवाल्याकडे तिकीट (तक्रार) टाकायच्या आधी कंट्रोलरचं मॉडेल बघा, ईएलरेपोवर (रेडहॅटसारख्या ओएससाठी ड्रायव्हर देणारा रेपो) ड्रायव्हर डिस्क मिळू शकते.

गरज नसताना विंडोज, किंवा गरज असताना लिनक्स

साइट पीएचपी, वर्डप्रेसची असेल तर केवळ स्क्रीन ओळखीची वाटते म्हणून विंडोज घेऊ नका, लायसन्स कोअरप्रमाणे लागतं आणि एका सर्व्हरला किमान १६ कोअर धरतात. पण जुन्या डॉटनेट फ्रेमवर्कवरचं एएसपी डॉटनेट अॅप असेल तर विंडोजच घ्या. त्यानंतर आलेलं डॉटनेट कोअर २०१६ पासून आणि एसक्यूएल सर्व्हर २०१७ च्या व्हर्जनपासून लिनक्सवर चालतात, म्हणून डेव्हलपरला नेमकं व्हर्जन विचारा.

विंडोजवरून लिनक्सवर साइट हलवली आणि अर्ध्या इमेज ४०४ (फाइल सापडत नाही) द्यायला लागल्या तर आधी फाइलच्या नावातली कॅपिटल आणि स्मॉल अक्षरं बघा. लिनक्सला ती दोन वेगळी नावं वाटतात.

एसईलिनक्स बंद करून टाकणं

एसईलिनक्स म्हणजे कुठला प्रोग्रॅम काय उघडू शकतो यावर बंधन घालणारी सुरक्षा. अल्मा, रॉकीवर परमिशन बरोबर असूनही ४०३ (परवानगी नाही) येतो, किंवा एनजिनएक्समागे (हा वेब सर्व्हर) अॅप चालू असूनही ५०२ (मागच्या अॅपपर्यंत पोहोचता आलं नाही) येतो. नेटवर कुणीतरी सांगतं एसईलिनक्स बंद कर, आणि ते कायमचं बंद होतं. असं नका करू हो. थोडा वेळ परमिसिव्ह मोडवर (अडवत नाही, फक्त नोंद करतं) टाका, एरर गेली तर कारण तेच आहे हे कळतं, मग ऑडिट लॉग बघा. फाइल्स दुसऱ्या फोल्डरमधून मूव्ह केल्या असतील तर एसईलिनक्सचं लेबल चुकलेलं असतं, ते दुरुस्त करणारी 'रिस्टोरकॉन' कमांड चालवली की बऱ्याचदा काम होतं. प्रॉक्सीच्या ५०२ ला वेब सर्व्हरला नेटवर्क कनेक्शनची परवानगी देणारं एक बूलियन (चालू-बंद सेटिंग) ऑन करावं लागतं. झालं की एन्फोर्सिंग (प्रत्यक्ष अडवणारा मोड) परत चालू करा.

लाइव्ह जायच्या आधी

डेस्कटॉप (ग्राफिकल स्क्रीन) टाकू नका, वेब सर्व्हरला त्याचा उपयोग नाही आणि पॅच करायच्या गोष्टी वाढतात. दोन डिस्कवर सॉफ्टवेअर रेड १ (दोन्हीवर तोच डेटा) केला असेल तर बूटलोडर (ओएस सुरू करणारा छोटा प्रोग्रॅम) दोन्ही डिस्कवर आहे का ते तपासा, नाहीतर पहिली डिस्क गेली की डेटा शाबूत असून सर्व्हर उठत नाही. आणि साइट रिकामी आहे तोवरच एकदा पूर्ण रीबूट करून बघा, रिमोट कन्सोल उघडतो का, रेस्क्यू मोडमध्ये (दुरुस्तीसाठी वेगळी ओएस बूट करून) शिरून डिस्क माउंट करता येते का, हेही त्याच वेळी करून घ्या.