आधी फुगा दाबा, कार्बोरेटर मागाहून

१ जून ते ३१ जुलैची मासेमारीबंदी उठली, होड्या पाण्यात उतरल्या, की माझा फोन सुरू होतो. "मशीन चालू होता, पाच मिनटांनी बंद पडता. कार्बेटर खोलून साफ करून दी." मालवणात दांडीच्या किनाऱ्यावर मी २२ वर्षं आउटबोर्ड, म्हणजे होडीच्या मागे लावायची मशीनं, दुरुस्त करतोय. समोरच्याला माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडलास काय?

होडी वाहून आणताना पेट्रोल सांडू नये म्हणून तो स्क्रू आवळतात आणि नंतर विसरतात. मशीन पेट्रोल ओढतं, पण त्याच्या जागी टाकीत हवा जात नाही. थोड्या वेळाने आतली ओढ इतकी वाढते, की पंपाला पेट्रोल खेचताच येत नाही. प्लॅस्टिकची टाकी असेल तर तिची कूस आत गेलेली दिसते आणि झाकण सैल करताच सुस्कारा ऐकू येतो. हे तपासायला पाना लागत नाही, मिनिटही लागत नाही.

पेट्रोल टाकीतून निघतं ते जाळी, नळी, रबरी फुगा, मशीनवरचा कनेक्टर, फिल्टर, पंप आणि शेवटी कार्बोरेटर या वाटेने जातं. बिघाड शोधायचा तोही ह्याच वाटेने, टाकीपासून पुढे. कार्बोरेटर शेवटी आहे, तो शेवटीच खोला. आणि समुद्रात असाल तर कव्हरला हात लावण्याआधी नांगर टाका. एका मे महिन्यात सिंधुदुर्ग किल्ल्याच्या पश्चिम अंगाला सहा पर्यटक घेतलेली होडी बंद पडली. चालवणारा पोरगा हुशार, त्याने लगेच कार्बोरेटरची वाटी खोलायला घेतली. नांगर टाकायचं राहिलं. स्क्रू हातातून निसटून पाण्यात गेला आणि होडी खडपाकडे, म्हणजे खडकांकडे, सरकू लागली. आम्ही दोरी टाकून ओढून आणली तेव्हा खडप दोन वावांवर होतं. बिघाड एवढाच, की मशीनवरचा कनेक्टर खटका बसेपर्यंत आत ढकललेला नव्हता. त्या फटीतून पंप पेट्रोलऐवजी हवा ओढत होता.

आता फुगा. नळीच्या मधला हा रबरी फुगा तुम्हाला अर्धं निदान सांगतो, फक्त तो नीट धरायला हवा. त्यावरचा बाण मशीनकडे असला पाहिजे. दाबताना फुगा उभा धरा, बाण वर, म्हणजे आतल्या झडपा नीट बसतात. मग मोजून दाबा. चांगल्या फुग्याला सात-आठ दाबांत कडकपणा येतो आणि तो टिकतो.

दाबतच राहिलात तरी फुगा मऊच राहतो, तर टाकीकडच्या बाजूने हवा येते आहे किंवा फुग्याच्या झडपा गेल्या आहेत. टाकीत पेट्रोल आहे ना, ते आधी बघा. मग नळीच्या क्लिपा आणि कनेक्टरमधली ओ-रिंग. ओ-रिंगला नखाने दाबलं आणि ती परत उठली नाही, तर बदला. एवढ्याशा रबरासाठी मी अख्खी सहल किनाऱ्यावर परतलेली पाहिली आहे. फुगा कडक होतो आणि जरा वेळाने आपोआप ढिला पडतो, तर पुढे मशीनच्या बाजूला गळती शोधा, किंवा कार्बोरेटरची सुई (वाटी भरली की पेट्रोल थांबवणारी) बसत नसेल. मशीन चालू असताना फुगा चपटा होत असेल, तर अडथळा फुग्याच्या मागे आहे: हवेचा स्क्रू, टाकीतली जाळी, नाहीतर नळी. जुन्या नळीचं आतलं अस्तर सुटून वाट बंद करतं आणि बाहेरून नळी नवीकोरी दिसते. असली नळी कापून जोडत बसू नका, बदलाच.

उलट फुगा दगडासारखा कडक आहे आणि मशीनला पेट्रोल मिळत नाही, तर खोळंबा पुढे आहे, बहुधा फिल्टरमध्ये किंवा अडकलेल्या सुईपाशी. रेस दिल्यावर मशीन दम सोडतं, कोणीतरी फुगा दाबत राहिला की पुन्हा जोर धरतं, असं असेल तर पंपाचा डायफ्राम, म्हणजे आतला पातळ पडदा, बघा. टू-स्ट्रोकमध्ये क्रँककेसच्या (पिस्टनखालच्या बंद पोकळीच्या) दाबाच्या ठोक्यांवर तो हलतो. त्याला बारीक भोक पडलं, की पेट्रोल थेट क्रँककेसमध्ये उतरतं आणि मशीन जास्त धूर करतं. उजेडासमोर धरून ताणा, भोक दिसतं. डायफ्राम एकटा बदलू नका, झडपा आणि गॅस्केटसकट सगळा संच घाला.

प्लग काढून बघायला विसरू नका. खूप वेळा दोरी ओढूनही प्लग कोरडा निघाला, तर पेट्रोल पोचत नाही. ओला निघाला, तर दोष पेट्रोलच्या पुरवठ्याचा नसून बहुतेक ठिणगीचा आहे. आणि ही सगळी कामं उघड्यावर, वाऱ्यात करा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती होडीच्या तळात बसून राहते. जवळपास विडी नको, मोबाइल चार्जरही नको.

फिल्टरच्या पेल्यात तळाशी थेंब वेगळे दिसले, तर पाणी आहे. सध्या पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि इथेनॉल दमट हवेतलं पाणी शोषतं. आपल्या पावसाळ्यात अर्धी भरलेली टाकी दोन महिने पडून राहिली, की पाण्यासकट इथेनॉल तळाला उतरू शकतं. टाकीतली नळीही तळातूनच ओढते. त्या थरात पेट्रोलमध्ये मिसळलेलं टू-टी ऑइल जवळपास नसतं, म्हणजे मशीन बंद पडणं हे छोटं नुकसान. ते तसंच चाललं तर पिस्टन जाम होऊ शकतो. शंका आली, तर तळातलं पेट्रोल काचेच्या बाटलीत घेऊन तासभर ठेवा. दोन थर दिसले, तर ते पेट्रोल मशीनला घालू नका. वरचा थर गाळून वापरावा असं अनेकांना वाटतं. मी वापरू देत नाही.

एवढं करूनही सुटलं नाही, तर कार्बोरेटर. मंद गतीवर मशीन टिकत नाही आणि पूर्ण रेसवर चालतं, तर लहान जेट (पेट्रोल जाण्याचं बारीक भोक) तुंबलं आहे. मंद चालतं पण लोड पडला की मरतं, तर मुख्य जेट. जेटमध्ये तार घालू नका, भोक मोठं होतं आणि हवा-पेट्रोलचं मिश्रण कायमचं बिघडतं. कार्बोरेटर क्लीनर मारा, मग हवेने फुंका. खोलताना खाली पांढरं फडकं पसरा, वाळूत स्क्रू सापडत नाही.

पेट्रोल-ऑइलच्या मिश्रणाचं प्रमाण तुमच्या मशीनच्या पुस्तकातलंच पाळा. ५०:१ असेल, तर २४ लिटरच्या टाकीला ४८० मिली ऑइल. आणि यंदा ३१ मेला मशीन काढून ठेवाल तेव्हा नळी काढून, कार्बोरेटरच्या वाटीचा तळाचा स्क्रू सोडून सगळं पेट्रोल बाहेर काढा. टाकीही रिकामी करून ठेवा.