जर्नलमधलं स्केल बांधावर नेताना

कृषी सेवा केंद्राबद्दल शेतकऱ्यांचं मत मोजायचं ठरलं की आपले विद्यार्थी पहिल्यांदा ‘सर्व्हक्वाल’ उघडतात, म्हणजे सेवेचा दर्जा मोजायचं स्केल: विधानं वाचायची आणि ती किती पटतात ते विचारायचं. गाइडही तेच सुचवतात, कारण पेपर छापून यायला मान्यता मिळालेलं स्केल लागतं. वापराच, पण आधी त्याचं मूळ गाव बघा. परशुरामन, झाइथमल आणि बेरी यांनी ते 1988 साली ‘जर्नल ऑफ रिटेलिंग’मध्ये मांडलं. अमेरिकेतल्या बँका, क्रेडिट कार्डं, फोनसेवा, उपकरणदुरुस्ती यांच्या गिऱ्हाइकांना विचारून 97 विधानं गाळत त्यांनी 22 वर आणली.

ती 22 घेऊन थेट गावात जाऊ नका. आधी दोन-तीन दिवस दुकानाच्या बाकड्यावर बसा आणि लोक बोलतात ते त्यांच्याच शब्दांत वहीत उतरवा. द्राक्षांच्या ऑक्टोबर छाटणीच्या दिवसांत मी तासगावकडे अशीच बसले होते. जो तो उधारीचं बोलत होता: ‘माल निघाल्यावर देतो म्हटलं, तर थांबतो का हा?’ त्या 22 विधानांत उधारी कुठेच नाही. ती वेगळं विधान म्हणून जोडा आणि जोडल्याचं पेपरात स्पष्ट लिहा.

विधानांचं मराठी भाषांतर एकाने करावं. मूळ न पाहिलेल्या दुसऱ्याने ते परत इंग्रजीत न्यावं. मग दोन्ही इंग्रजी शेजारी ठेवून फरक शोधा.

नकारार्थी विधानं फार जपून. ‘दुकानदार लगेच लक्ष देत नाही’ असं वाचलं की समोरचे काका म्हणतात, ‘नाही.’ म्हणजे ‘नाही, देतो’ की ‘नाहीच देत’? माझ्या पहिल्या पाहणीत अशी उत्तरं मी सरसकट ‘असहमत’ धरली आणि शेवटी ते सगळे फॉर्म बाद करावे लागले. मूळ लेखकांनीही 1991 मध्ये आपली नकारार्थी विधानं होकारार्थी केली. तुम्हीही करा.

मूळ स्केलमध्ये प्रत्येक विधान दोनदा येतं, एकदा अपेक्षेसाठी आणि एकदा अनुभवासाठी; दोन्ही विचारले तर प्रश्न होतात 44. क्रोनिन आणि टेलर यांनी 1992 मध्ये ‘जर्नल ऑफ मार्केटिंग’मध्ये फक्त अनुभव मोजावा असं मांडलं. फवारणी अर्धवट टाकून आलेल्या माणसाला मी फक्त अनुभवाचंच विचारते.

एक ते सात आकडे सांगण्यापेक्षा सात खडे ओळीने मांडा. ‘अजिबात पटत नाही’ या टोकापासून ‘सोळा आणे पटतं’पर्यंत कुठेही बोट ठेवू द्या. आणि हे दुकानात नको. ज्याच्या उधारीच्या वहीत आपलं नाव आहे, त्याच्यासमोर कोण मोकळं बोलेल? बांधावर जा.