शैली बदलली तरी माणूस तोच राहावा: खान्देशी पात्रे गेमसाठी रेखाटताना

व्हिडिओ गेमसाठी पात्र रेखाटताना पहिला निर्णय शैलीचा नसतो, माणसाचा असतो. ‘एक आदिवासी पात्र हवे’ एवढ्यावर काम सुरू केले की हाती पिसे, मणी आणि तीरकामठा इतकेच लागते. म्हणून कागदावर आधी एक नेमके वाक्य लिहावे. उदाहरणार्थ, ‘धडगावच्या बाजाराला डोक्यावर टोपली घेऊन उतरणारी तिशीतली पावरा जमातीची बाई’ किंवा ‘यावलकडच्या केळीच्या बागेत कामाला जाणारा तडवी तरुण’. तडवी भिल्ल मुस्लिम आहेत, हे ज्याला ठाऊक नाही तो त्या तरुणाचे नावही चुकीचे ठेवेल.

त्यानंतर त्या माणसाच्या तीनच खुणा निवडाव्यात: एक बाह्याकृतीत दिसणारी, एक चालीतली आणि एक हातातल्या वस्तूची. पावरा बाईच्या बाबतीत टोपलीमुळे ताठ राहिलेली मान आणि उतारावर जपून पडणारे पाऊल, या दोन गोष्टी कोणत्याही दागिन्यापेक्षा अधिक बोलतात. हे चित्र ३२ बाय ३२ पिक्सेलच्या चौकटीत आणून पूर्ण काळे भरावे आणि तरीही ती ओळखू येते का, ते पाहावे. १९८१ च्या ‘डाँकी काँग’मध्ये मारिओला टोपी आणि मिशा मिळाल्या, त्या केस आणि तोंड नीट दाखवण्याइतके पिक्सेल नव्हते म्हणून; अडचणीतून निघालेल्या त्या खुणा पुढे त्रिमितीतही टिकल्या. मात्र ठळक खूण नेहमी न्याय्य असतेच असे नाही. १९९१ च्या ‘स्ट्रीट फायटर २’मधला भारतीय धालसिम लांबूनही ओळखू येतो, पण गळ्यात कवट्यांची माळ घालून हातपाय लांबवणारा योगी ही आपल्याविषयीची कोणाची तरी कल्पना होती.

पोशाखाच्या बाबतीत माझी स्वतःची चूक सांगतो. एका भिल्ल शेतकऱ्याला मी मोरपिसांचा उंच टोप, कमरेला वाळलेले भोपळे आणि अंगावर राखेचे ठिपके दिले होते. अक्राणीकडच्या एका मित्राने चित्र पाहून विचारले, “हा होळी सोडून निंदणीला आला का?” तो वेश काठी गावच्या राजवाडी होळीसारख्या उत्सवात बुध्याचा, म्हणजे व्रत घेऊन होळीत नाचणाऱ्याचा असतो, तो धारण करणारे पालनी (व्रताचे नियम) पाळतात, त्या दिवसांत खाटेवरही झोपत नाहीत. व्रताचा वेश रोजच्या अंगरख्यासारखा वापरू नये.

त्वचेच्या रंगावर सर्वांत जास्त वेळ द्यावा. खान्देशात एकाच घरात सावळा, गव्हाळ आणि उजळ असे तिन्ही वर्ण भेटतात, त्यामुळे रंगावरून जमात ठरवण्याचा प्रयत्नच सोडावा. सावळी त्वचा रंगवताना मूळ रंगात काळा मिसळला की चेहरा राखेसारखा मळकट होतो. त्याऐवजी सावलीत तांबूस किंवा जांभळट छटा घ्यावी आणि कपाळ, गालाचे हाड व नाकाचा शेंडा यांवरची चकाकी स्पष्ट ठेवावी, कारण गडद त्वचेवर चेहऱ्याचा घाट सावलीपेक्षा चकाकीतून अधिक उलगडतो. सपाट रंगांच्या कार्टून शैलीत दोनच छटा मिळतात, तेव्हा तिसरी छटा या चकाकीसाठी मागून घ्यावी, हवी तर एक बांगडी कमी करावी. वास्तवदर्शी शैलीत तेच मॉडेल वैशाखातल्या दुपारच्या उन्हात, होळीच्या उजेडात आणि घरातल्या एका बल्बखाली तपासावे.

शैली आपल्या मातीतली असावी असा आग्रह मी धरणार नाही. पुण्यात तयार झालेल्या ‘राजी’ या गेमने २०२० मध्ये पहाडी लघुचित्रांचा आधार घेतला आणि तो शोभला. माणसांच्या बाबतीत मात्र सवलत नाही. २०१४ चा ‘नेव्हर अलोन’ हा गेम अलास्कातील इन्युपियाक लोकांना सोबत घेऊनच घडला. आपणही पक्के मॉडेल नव्हे, कच्चे रेखाटनच त्या पाड्यावर न्यावे, कारण तयार काम पाहून लोक भिडेखातर ‘छान आहे’ म्हणतात. तिथे एवढेच विचारावे, “ही बाई कुठली वाटते?”, आणि आलेले उत्तर चित्राच्या कडेला जसेच्या तसे लिहून ठेवावे.