एका साडीचं दुपटं, रोज दोन ओळी

गोधड्यांचा छंद घरात खुपायला लागतो तो बहुधा दोन कारणांनी. काम आवाक्याबाहेरचं घेतलेलं असतं, आणि काय शिवायचं ते ठरण्याआधीच कापड घरात आलेलं असतं. ठाण्यातल्या दोन खोल्यांच्या घरात म्हणून डबल बेडच्या गोधडीने सुरुवात करू नका. एका जुन्या सुती साडीचं दुपटं शिवा.

साडी आधी धुवा, इस्त्री करा, मगच मोजा. साडेपाच मीटर म्हणजे 216 इंच, पन्हा, म्हणजे रुंदी, साधारण 45 इंच. 34 इंचांचे सहा तुकडे काढले की 204 इंच संपतात; हे झाले सहा थर. उरलेल्या 12 इंचांतून 3 इंची चार पट्ट्या निघतात, जोडून जवळपास 180 इंच. चारही कडांच्या गोटाला, म्हणजे कडेने शिवायच्या पट्टीला, 158 इंच पुरतात, त्यामुळे गोटासाठीही वेगळं कापड लागत नाही. साडी सासूबाईंची किंवा आईची असेल तर कात्री लावण्याआधी त्यांना विचारा. हे विसरलं तर दुपटं कितीही सुंदर झालं तरी घरात रुखरुख राहते.

प्रत्येक तुकडा उजेडासमोर धरा. सूत विरलेला तुकडा आतल्या थरात घाला, फाटका बाद करा. विरलेला तुकडा वर आला तर तो धुण्यात टाक्याशेजारीच फाटतो. रंग जातो का हे पाहायला ओलं पांढरं फडकं कोपऱ्यावर चोळा. दोरा सुतीच घ्या. पॉलिस्टरचा दोरा जुन्या कापडापेक्षा मजबूत असतो. ताण बसला की दोरा टिकतो आणि कापड चिरतं.

थर जमिनीवर ताणून पसरा आणि सहा-सहा इंचांवर काटेपिना लावा. 48 लागतील. कच्चा टाका मधून कडेकडे घाला. कडेपासून सुरू केलं तर सगळा झोळ मध्ये गोळा होतो आणि तिथे चुणी पडते, ती नंतर निघत नाही.

आता धावदोरा. ओळी एक इंच अंतरावर घेतल्या तर 45 इंचांच्या 33 ओळी होतात. टाक्यांत मुरणारा धरून साधारण 50 मीटर दोरा लागतो. इंचाला चार टाके घातले तर एक ओळ पंधरा-वीस मिनिटांत होते. रोज दोन ओळी म्हणजे सतरा दिवस. ओळ पुरी झाल्याशिवाय उठायचं नाही, आणि दोन झाल्या की तिसरी सुरू करायची नाही. एवढं ठरलेलं असलं की स्वयंपाक, मुलांचा अभ्यास यांच्याशी ओढाताण होत नाही, आणि घरच्यांनाही आपण कधी मोकळ्या होणार ते कळतं. मशीनचं काम, म्हणजे पट्ट्या जोडणं आणि गोट लावणं, शनिवारी सकाळी एकदम उरका. रात्री दहानंतर मशीनचा आवाज खालच्या मजल्यावर जातो. हातशिलाई मात्र कुठेही बसून होते.

उठताना काटेपिना मोजा. 48 लावल्या असतील तर 48 परत यायलाच हव्यात. रांगतं मूल घरात असेल तर यात सूट नाही. कापडाची कात्री वेगळी ठेवा. तिने दुधाच्या पिशव्या कापल्या की धार जाते आणि मग ती कापड चावते.

खर्चाला एकच नियम पुरतो: हातातलं दुपटं पुरं होईपर्यंत नवं कापड नाही. जांभळी नाक्याच्या बाजारात कापड घ्यायला जाताना मोजमापांची यादी न्या आणि तेवढेच पैसे न्या. स्वस्त मिळालं म्हणून आणलेलं तीन मीटर कापड दिवाणात वर्षभर पडून राहतं, आणि ठाण्याच्या दमट हवेत प्लास्टिकच्या पिशवीतल्या सुती कापडावर बुरशीचे काळे ठिपके पडतात. जुन्या चादरीत बांधून ठेवा. धुतलेलं सहा थरांचं दुपटं पावसाळ्यात आत ओलंच राहून कुबट वास मारतं, म्हणून पहिली धुलाई ऑक्टोबरच्या उन्हात करा.