यो-योमधलं 'जमतं' आणि 'एकदा जमलं होतं'

नवीन लोकांसाठी लिहितेय. दोरी किती लांब ठेवायची, बाइंड (दोरी आत अडकवून यो-यो हातात परत आणणं) कसा मारायचा, अनरिस्पॉन्सिव्ह यो-यो नुसता झटका देऊन वर का येत नाही, हे तुम्हाला एव्हाना माहीत असेल, नसेल तर कुठलाही बरा व्हिडिओ बघा, ते मी इथे उगाळत बसत नाही. मला सांगायचंय ते वेगळंच आहे आणि ते मला आधी कुणी सांगितलं नव्हतं, किंवा सांगितलंही असेल पण मी तेव्हा ऐकण्याच्या मूडमध्ये नव्हते.

मी दीड वर्ष पोझर होते, म्हणजे येत नाही ते येतं असं भासवणारी.

पोझर म्हटलं की लोकांना वाटतं, महागडे मेटलचे यो-यो डब्यात लावून ठेवणारा आणि साधा ट्रॅपीझ (फिरता यो-यो बाजूने दोरीवर बसवणं) न येणारा माणूस. तो पोझर नाही हो, त्याला गोळा करायचा नाद आहे, करू दे की. आणि ज्याला काहीच येत नाही नि तो तसं सरळ सांगतो, तो तर अजिबातच नाही. माझ्यासारखे पोझर पटकन ओळखू येत नाहीत कारण आम्हाला थोडंफार खरंच येत असतं.

माझं झालं ते एलाय हॉप्सवरून. ट्रॅपीझमध्ये यो-यो दोरीवर बसला की दोन्ही हात बाजूला ताणून तो वर उडवायचा आणि परत त्याच दोरीवर झेलायचा. मला सलग दोन यायचे, नशीब चांगलं असेल तर तीन. व्हिडिओत मात्र मला आधी बॉइंगी-बॉइंग (दोऱ्यांमध्ये यो-यो उसळवत राहायची ट्रिक), मग सहा हॉप्स, मग बाइंड, असा सगळा कॉम्बो हवा होता. चाळीस-पन्नास टेक वाया गेल्यावर मी तीन तुकडे जोडले, मधे कॅमेरा जरा बाजूला नेला की जोड दिसत नाही. खाली लिहिलं, "आज सहज जमलं." लाइक्स आले, मग पुढचा व्हिडिओ पण तसाच, मग सवयच लागली. कुणी विचारलं "ताई किती दिवसांत शिकलीस?" तर मी बिनधास्त म्हणायचे, आठवडाभरात.

यो-योवाल्यांच्या एका भेटीत बाराएक वर्षांचा एक मुलगा फोन घेऊन माझ्याजवळ आला. "ताई, एक विचारू? शेवटच्या हॉपनंतरपण तुझा यो-यो एवढा जोरात कसा फिरतोय?"

हे नीट समजून घ्या, कारण सगळी गोम इथेच आहे. अशा कॉम्बोत यो-योला जो काय स्पिन मिळतो तो थ्रोमध्येच मिळतो, नंतर तो फक्त खर्च होतो. प्रत्येक हॉपला दोरी आत घासते, जरा तिरकं झेललं तर आणखी घासते, एवढा कॉम्बो संपेपर्यंत यो-यो दमलेला असतो, एका बाजूला कलायला लागतो, बेअरिंगचा आवाज बदलतो आणि तुम्ही घाईघाईने बाइंड मारता. माझ्या व्हिडिओत शेवटी तो आत्ताच टाकल्यासारखा घोंघावत होता. कारण तो आत्ताच टाकलेला होता!

तो मुलगा टोमणा मारत नव्हता. त्याला खरंच वाटलं होतं की माझ्याकडे काहीतरी युक्ती आहे. आणि मी काय म्हणाले? "बेअरिंग साफ केलंय मी."

खोटं बोलणं वाईट वगैरे तुम्हाला घरी शिकवलं असेलच. पण माझा खरा तोटा वेगळा झाला, तो सांगते. व्हिडिओ नेहमी चांगल्या थ्रोपासून सुरू व्हायचा, फसलेले टेक मी लगेच डिलीट करायचे. आता फसलेल्या सगळ्या टेकमध्ये एकच चूक होती, माझं मनगट थ्रोच्या वेळी बाहेर वळायचं, यो-यो सुरुवातीपासून थोडा तिरका, मग दोरी एका बाजूला घासणार, स्पिन मरणार, तिसऱ्या हॉपला खेळ खलास. एका संध्याकाळी ते पन्नास टेक शांतपणे पाहिले असते तरी मला कळलं असतं. पण मी जे फेकून देत होते तेच नेमकं मला बघायला हवं होतं, दीड वर्ष मी स्वतःच्या हाताने पुरावा पुसत होते. आणि व्हिडिओत सहा हॉप्स "झालेले" असल्यामुळे परत प्रॅक्टिस कशाला करायची? नाही केली.

जगलिंगवाल्यांचं मला आवडतं, त्यांच्याकडे यासाठी शब्दच आहेत. पाच बॉल प्रत्येकी एकदा टाकून झेलले तर तो फ्लॅश, दहा कॅच झाले तर क्वालिफाय. फ्लॅश केला असेल तर तसं सांगतात, त्यात कमीपणा नाही. आपल्याकडे सगळं एकाच "जमतं"मध्ये कोंबलेलं आहे. मी आता दहा थ्रो करते, किती बसले ते वहीत लिहिते, आणि सातच्या खाली असेल तर "जमतं" म्हणत नाही. हा माझा आकडा, तुमचा तुम्ही ठरवा.

बाकी थोडं भराभर सांगते. स्पर्धेत जायचं असेल तर हे जोडकाम तसंही चालत नाही, वर्ल्ड यो-यो कॉन्टेस्टच्या फायनलला तीन मिनिटं सलग खेळायचं असतं, समोर जज पॉइंट मोजायचे क्लिकर घेऊन बसलेले असतात आणि यो-यो थांबला की पॉइंट कापले जातात. दुसऱ्याचा कॉम्बो उचलला तर नाव घ्या. ५ए, म्हणजे दोरीच्या बोटाकडच्या टोकाला वजन बांधून खेळायची स्टाइल, १९९९ मध्ये स्टीव्ह ब्राऊनने काढली, अजूनही लोक त्याचं नाव घेतात, मग तुम्हाला काय अडचण आहे? चांगला रुंद यो-यो घेतला तर ते चीटिंग नाही, खुशाल घ्या. स्लो-मोशनवर माझा मात्र राग आहे, त्यात सगळेच उस्ताद दिसतात. आणि शिकायला गुरू शोधत असाल तर ज्याचा यो-यो तुमच्यासमोर एकदाही गुंतलेला नाही त्याच्यापासून लांब राहा.

आणि हो, चौदा वर्षांच्या पोरांना "पोझर पोझर" करून हाकलणारे काहीजण असतात, ते मला पोझरपेक्षा जास्त डोक्यात जातात. तुम्हाला कुणी तसं म्हटलं तर घाबरू नका. दोनच हॉप येतात? दोन येतात म्हणा, कुणी खात नाही.

पुढच्या भेटीला तो मुलगा परत आला. त्याने बेअरिंग उघडून धुतलं होतं, वाळवलं होतं, दोनदा, तरी स्पिन वाढत नाहीये म्हणाला, ताई तू कशाने साफ केलंस? मग मला राहवलं नाही, सगळं सांगून टाकलं, तीन तुकडे, कॅमेरा, सगळं. तो जरा वेळ गप्प होता.

"मग सलग किती येतात तुला?"

"तीन."

"मला चार येतात," तो म्हणाला, आणि लगेच थ्रो करून दाखवायला लागला. पहिल्यांदा दोनच झाले. "थांब हं," म्हणत त्याने दोरी सोडवली आणि परत टाकला.