आदिवासी विद्यार्थ्यांनो, एम.ए.-पीएचडीच्या वाटेवर या चुका टाळा

आश्रमशाळेत दहावी-बारावी, तालुक्याच्या कॉलेजात पदवी, तिथून थेट पुण्या-मुंबईच्या विद्यापीठात. एवढी वाट काढून आलेलं पोर एका कागदापायी अडकतं तेव्हा जीव तुटतो. फेलोशिप असते, राखीव जागा असते, फीची सोयही असते. हातून निसटतं ते बहुतेक वेळा एकाच कारणाने: कामं उशिरा सुरू होतात. म्हणून पदवीच्या शेवटच्या वर्षालाच तयारीला लागा.

व्हॅलिडिटी 'नंतर बघू' म्हणणं

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. जातीचा दाखला आहे म्हणजे झालं, असं घरचे धरून चालतात. पण व्यावसायिक अभ्यासक्रमाच्या राखीव जागेला आणि पुढे प्राध्यापकाच्या राखीव पदाला दाखला तपासणाऱ्या पडताळणी समितीचं वैधता प्रमाणपत्र, म्हणजेच व्हॅलिडिटी, लागतं. ते आठवड्या-दोन आठवड्यांत हातात पडत नाही.

अनुसूचित जमातीसाठी पुराव्याची महत्त्वाची तारीख आहे 6 सप्टेंबर 1950. त्याआधीची वडिलांकडच्या नातेवाइकाची नोंद सापडली तर अर्धी लढाई तिथेच जिंकली. आजोबा-पणजोबा शाळेत गेले असतील तर त्या शाळेच्या प्रवेश-निर्गम रजिस्टरचा उतारा काढा. शाळेचं तोंडच पाहिलं नसेल तर तहसील कचेरीत गाव नमुना 14, म्हणजे कोतवाल बुकातल्या जन्म-मृत्यूच्या नोंदी शोधा. जुनी पानं मोडी लिपीत असतात. अशा वेळी पानाच्या नकलेसोबत जाणकाराकडून केलेलं देवनागरी लिप्यंतर जोडा. नुसती मोडी नक्कल दिली तर फाइल अडून राहते. शोधताना आडनावावर विसंबू नका. त्या काळी पुष्कळ ठिकाणी फक्त नाव आणि बापाचं नाव लिहीत. कातकरी घरातल्या आजोबांपुढे 'काथोडी' लिहिलेलं दिसलं तर घाबरू नका, दोन्ही नावं अनुसूचित जमातींच्या यादीत एकाच नोंदीत आहेत.

वडिलांकडच्या सख्ख्या रक्तनात्यात कुणाला आधीच व्हॅलिडिटी मिळाली असेल तर ती वंशावळीच्या प्रतिज्ञापत्रासह पहिल्या दिवशीच लावा. चुलत्याकडे प्रमाणपत्र असून पुतण्याने जोडलं नाही, असं सर्रास घडतं. भाऊबंदकीत बोलणं बंद असलं तरी या कामासाठी जाऊन मागा.

समितीपुढे कुलदैवत, लग्नाच्या रीती, सण यांबद्दल प्रश्न येतात. शहरात वाढलेली मुलं इथे गडबडतात. सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2023 मध्ये महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात स्पष्ट सांगितलं आहे की अशा प्रश्नांतून जमातीशी नातं पाहणारी ही आप्तभाव चाचणी प्रत्येक दाव्याचा अंतिम निकष नाही आणि राज्यघटनेपूर्वीच्या कागदांना मोठं वजन आहे. तरीही जाण्याआधी आजीजवळ बसून हे सगळं विचारून घ्या. कमिटीचा विषय सोडला तरी ते तुमचंच आहे.

'नेट नाही, म्हणजे फेलोशिप नाही'

नेट, म्हणजे प्राध्यापकीची पात्रता परीक्षा, पास नसली की संपलं, हा समज काढून टाका. केंद्रीय आदिवासी कार्य मंत्रालयाची राष्ट्रीय फेलोशिप दरवर्षी 750 नव्या संशोधकांना मिळते आणि निवड पदव्युत्तर गुणांवर होते. कनिष्ठ संशोधकाला महिना 37,000 आणि वरिष्ठाला 42,000 रुपये, जास्तीत जास्त पाच वर्षं. आपल्याकडच्या कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड या विशेष असुरक्षित जमातींच्या विद्यार्थ्यांना निवडीत प्राधान्य आहे. एम.ए.ला 'पास झालो की बस' म्हणून पेपर दिले तर फटका इथे बसतो.

निवड झाल्यावरची चूक वेगळी. हजेरी आणि कामाची पुष्टी विद्यापीठाकडून वर गेली नाही तर पैसे थांबतात. विभागातला कारकून आपणहून करेल, या भरवशावर राहू नका. दर महिन्याला विचारा. शिवाय एका वेळी एकच फेलोशिप घेता येते.

उत्पन्न जास्त म्हणून अर्जच न भरणं

पालकांचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या वर गेलं की पोस्ट मॅट्रिक शिष्यवृत्ती मिळत नाही, हे खरं. पण महाडीबीटीवर, म्हणजे राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर, आदिवासी विद्यार्थ्यांसाठी शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्काची वेगळी योजना आहे, जिला सगळे फ्रीशिप म्हणतात. शिक्षकाची, तलाठ्याची मुलं ती न बघताच पूर्ण फी भरून मोकळी होतात.

पैसे मंजूर दिसतात, पण खात्यात काहीच नाही? आधी आधारशी कोणतं खातं जोडलंय ते तपासा. डीबीटीचा पैसा अर्जात लिहिलेल्या खात्यात नव्हे, आधारला शेवटचं जोडलेल्या खात्यात जातो. सिम घेताना दुकानदाराने उघडून दिलेल्या पेमेंट बँकेच्या खात्यात वर्षाची रक्कम पडून असल्याचं कितीदा तरी निघतं.

वसतिगृहाचंही तसंच. नंबर लागणार नाही म्हणून अर्जच केला नाही तर राहण्या-जेवणासाठी पैसे देणाऱ्या स्वयम् योजनेचा रस्ताही बंद होतो, कारण ती वसतिगृहाला पात्र असून जागा न मिळालेल्यांसाठीच आहे. परदेशात शिकायचं असेल तर केंद्राची राष्ट्रीय ओव्हरसीज शिष्यवृत्ती बघा: वर्षाला फक्त 20 जागा, त्यातल्या तीन विशेष असुरक्षित जमातींसाठी, कुटुंबाचं उत्पन्न सहा लाखांच्या आत हवं.

आपला विषय कमी समजणं

गाइडला बरं वाटेल असा विषय घेऊन पाच वर्षं कुढत बसू नका. घरात कोलामी, गोंडी, कोरकू किंवा भिली बोलली जात असेल तर बाहेरच्या संशोधकाला जे कळायला वर्षं लागतात ते तुम्हाला लहानपणापासून ठाऊक असतं. पुण्यातली आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्था 1962 पासून आहे. तिचं ग्रंथालय आणि संग्रहालय विषय ठरवण्याआधीच बघून या.

टोमणे गिळत राहणं

मे 2019 मध्ये मुंबईत पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षण घेणाऱ्या डॉ. पायल तडवी यांनी जीव गमावला. वरिष्ठांकडून जातीवरून छळ झाल्याची तक्रार घरच्यांनी केली. त्यांच्या आई, हैदराबाद विद्यापीठात 2016 मध्ये जीव गमावलेले संशोधक विद्यार्थी रोहित वेमुला यांच्या आईसोबत, सर्वोच्च न्यायालयात गेल्या, त्या कॅम्पसमधल्या तक्रारींची दखल घेणारी यंत्रणा नीट चालावी म्हणून. ती जबाबदारी विद्यापीठाचीच आहे, सोसणाऱ्या विद्यार्थ्याची नाही. तुमच्या विद्यापीठात एससी-एसटी सेल आणि समान संधी कक्ष कुठे बसतो हे प्रवेशाच्या आठवड्यातच शोधून ठेवा. 'कोट्यातून आलाय' असं कुणी बोललं तर तारीख, जागा आणि तिथे कोण होतं हे त्याच रात्री लिहून ठेवा, एखाद्या सिनिअरला सांगा. तक्रार द्यायची तर लेखी द्या आणि आवक क्रमांक घातलेली पोच घेऊनच तिथून निघा.